आठवीच्या वर्गासाठी मोबाइलवरील व्हिडिओ संकलनाचे कोणते ॲप घ्यावे?

प्रश्न : इतिहासाची शिक्षिका, गोखलेनगर परिसर

नमस्कार. मी पुण्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीला इतिहास आणि मराठी शिकवते. या सत्रात मुलांकडून पानशेतच्या पुरावर छोटे माहितीपट करून घ्यायचे मी ठरवले आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरले, एवढे मुलांच्या कानावर असते. पण आमच्या भागातील कितीतरी कुटुंबे त्या पुरानंतरच इथे राहायला आली, हे खुद्द त्या घरांतल्या मुलांनाही ठाऊक नसते. तेव्हा दहा-बारा वर्षांची असलेली माणसे आज पंचाहत्तरीच्या घरात आहेत, आणि त्यांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून नोंदवून ठेवायच्या असतील तर आता फार थांबून चालणार नाही, असे मला मनापासून वाटते.

वर्गात ४२ मुले आहेत. सहा-सहा जणांचे सात गट केले आहेत आणि प्रत्येक गटाने सुमारे चार मिनिटांचा माहितीपट करायचा आहे. शाळेत मुलांना मोबाइल आणायची परवानगी नाही, त्यामुळे चित्रीकरण आणि संकलन पालकांच्या फोनवर, संध्याकाळी किंवा शनिवारी, पालकांच्या देखरेखीखाली होईल. सात फोनांपैकी एक आयफोन आहे, बाकीचे सहा अँड्रॉइड आहेत आणि त्यांतले दोन तर बरेच जुने, ३ जीबी रॅमचे आहेत. शाळेच्या संगणक कक्षात दहा संगणक आहेत, पण त्यांचे वेळापत्रक भरलेले असते.

माझ्या अपेक्षा फार नाहीत. क्लिप कापणे, जोडणे, मागे आवाज घालणे आणि खाली मराठी ओळी देणे एवढे जमले की पुरे. या ओळी मात्र मला हव्यातच, कारण वयस्कर माणसांचा आवाज बारीक असतो आणि मधूनमधून शब्द हरवतात.

मी स्वतः एक ॲप उतरवून घेतले आणि सासूबाईंशी झालेल्या बोलण्याचा दोन मिनिटांचा तुकडा संकलित करून पाहिला. दोन गोष्टींनी मी अस्वस्थ झाले. पहिली म्हणजे ‘दुसऱ्या’ हा शब्द पडद्यावर फुटका उमटला: र, त्याखाली टिंब, बाजूला पाय मोडल्याची खूण आणि मग वेगळा या. मराठीच्या तासाला शुद्धलेखनासाठी मुलांच्या मागे लागणाऱ्या शिक्षिकेने असा शब्द मोठ्या पडद्यावर दाखवायचा तरी कसा? दुसरी गोष्ट अशी की व्हिडिओ तयार होत असताना पैसे लावून खेळायच्या एका खेळाची जाहिरात पूर्ण पडदाभर आली, आणि ती बंद करायची फुली सापडायला मला वेळ लागला. तेरा वर्षांच्या मुलाच्या हाती हे द्यायला माझे मन धजत नाही.

ज्यांनी वर्गासाठी असे काम करून घेतले आहे, त्यांनी कृपया अनुभवाने सांगावे की कोणते ॲप निवडावे आणि ते कोणत्या निकषावर.

प्रतिसाद : व्हिडिओ संकलक, एरंडवणे

नमस्कार बाई. मी गेली सतरा वर्षे संकलनाचे काम करतो आणि अधूनमधून शाळांत कार्यशाळाही घेतो. तुमच्या तक्रारीतला पहिला मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो.

मराठी जोडाक्षरे पडद्यावर नीट उमटायची असतील, तर फॉन्टमध्ये दडलेले जोडणीचे नियम ॲपला वाचता यावे लागतात. जे ॲप हे नियम न वाचता एकेक खूण ओळीने मांडत जाते, तिथे तुम्ही पाहिलेला प्रकार घडतो. कित्येकदा असेही होते की लिहिताना चौकटीत शब्द बरोबर दिसतो आणि तयार झालेल्या व्हिडिओत मात्र फुटतो. त्यामुळे ॲप निवडण्याआधी पुढील वाक्य त्यात लिहा, दहा सेकंदांचा व्हिडिओ तयार करा आणि तो ॲपच्या बाहेर, फोनच्या गॅलरीत उघडून पाहा:

‘दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला, तेव्हा वाड्याच्या पायऱ्यांवर चिखल होता आणि दृष्टीच्या टप्प्यात फक्त पाणी होते.’

हे वाक्य मी मुद्दाम जुळवले आहे. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र आडवा, पापणीसारखा दिसला पाहिजे आणि ‘सूर्य’मधला रफार डोक्यावर बसला पाहिजे. ‘पायऱ्यांवर’मध्ये त्या अर्ध्या र च्या जोडीला अनुस्वारही आहे, आणि कित्येक ॲप नेमकी तिथेच गडबडतात. ‘दिवशी’ आणि ‘चिखल’ यांतली पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी यायला हवी. शिवाय ‘दिवशी’तला श आणि ‘चिखल’मधला ल मराठी वळणाचे आहेत की हिंदी वळणाचे, तेही पाहून घ्या. हिंदी वळण आले म्हणून काही बिघडत नाही, पण आठवीच्या मुलांना हा फरक दाखवला तर त्यांना तो आवडतो, असा माझा अनुभव आहे.

बाहेरचा फॉन्ट आत घेता येईल असे ॲप असले तर उत्तम. मुक्ता, नोटो सान्स देवनागरी आणि टिरो देवनागरी मराठी हे तिन्ही फॉन्ट मुक्त परवान्याखाली मोफत मिळतात. चालत्या चित्रावर वाचायला मला मुक्ताचे जरा जाड वळण बरे वाटते. डीटीपीच्या दुकानांतले जुने, युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षरपद्धतीच्या आधीचे फॉन्ट मात्र कोणी दिले तरी घेऊ नका. फोनचा कीबोर्ड युनिकोडमध्ये लिहितो, त्यामुळे त्या फॉन्टमध्ये अक्षरांऐवजी भलतेच काहीतरी उमटेल.

आता ॲपविषयी. मुले पहिल्यांदा कॅपकटचे नाव घेतील, कारण इंटरनेटवरची निम्मी शिकवणी त्याचीच असते. ते बाइटडान्स या कंपनीचे आहे आणि भारतात ते अधिकृतपणे मिळत नाही. व्हिवाव्हिडिओ हे एके काळी पुष्कळ वापरात असलेले ॲपही २९ जून २०२० रोजी सरकारने ज्या ५९ ॲपवर बंदी घातली, त्या यादीत होते. त्यामुळे जुन्या लेखांतून किंवा जुन्या व्हिडिओंतून शिफारस घेताना सावध राहावे.

जी मिळतात त्यांत काइनमास्टर हे दक्षिण कोरियाचे ॲप जुने आणि सामर्थ्यवान आहे. एकावर एक थर रचायची सोय त्यात फार चांगली आहे, पण मोफत आवृत्तीत चित्रावर त्यांच्या नावाचा शिक्का राहतो. इनशॉटच्या मोफत आवृत्तीतही शिक्का असतो. व्हीएनच्या मोफत आवृत्तीत तो नसतो. आयफोनवर ॲपलचे आयमूव्ही मोफत आणि अतिशय नेटके आहे, पण ते अँड्रॉइडवर चालत नाही. सातपैकी एकाच गटाकडे आयफोन असताना त्या गटाला वेगळे ॲप देऊ नये, नाहीतर तुम्हाला दोन-दोनदा शिकवावे लागेल. गूगलने २०२३ मध्ये यूट्यूब क्रिएट आणले. पहिल्या टप्प्यात ज्या देशांत ते दिले त्यांत भारत होता आणि तेही मोफत आहे.

माझे मत व्हीएनच्या बाजूने आहे. शिक्का नाही, टाइमलाइन, म्हणजे क्लिप ओळीने मांडायची पट्टी, आडवी आणि स्पष्ट आहे, मुलाखतीवर दुसरे चित्र ठेवायला वेगळी पट्टी मिळते आणि मूळ आवाज खाली चालू ठेवता येतो. तुमच्या माहितीपटांचा जीव या शेवटच्या सोयीत आहे. आजी बोलत असताना पडद्यावर त्यांच्या हातातला जुना फोटो दिसावा आणि बोलणे मात्र तुटू नये, हे जमले की मुलांना संकलन म्हणजे काय ते शब्दांविना कळते.

प्रतिसाद : आयसीटी (माहिती-तंत्रज्ञान) शिक्षक, भोसरी

बाई, उपक्रम फार मोलाचा आहे. संकलक सरांची चाचणी मी जपून ठेवली आहे. ॲपच्या निवडीबाबत मात्र माझे मत थोडे वेगळे आहे, आणि ते तीन वर्षे नववीकडून असे काम करून घेतल्यावर बनलेले आहे.

वर्गातला सर्वांत कमकुवत फोन हा तुमचा निकष असावा. ज्या फोनवर दोन थर ठेवताच चित्र अडखळू लागते, त्या फोनच्या गटाला उत्तम ॲप देऊनही उपयोग नसतो. ती मुले निराश होतात, काम दुसऱ्या गटातल्या चांगल्या फोनवाल्या मुलाकडे जाते आणि शेवटी एकच मुलगा तीन गटांचे संकलन करतो. माझ्याकडे पहिल्या वर्षी नेमके हेच झाले. म्हणून दोन्ही ३ जीबीचे फोन आधी हातात घ्या, त्यांवर प्रत्येक ॲपमध्ये पाच मिनिटांचे खरे काम करा आणि जे ॲप तिथे टिकेल तेच सगळ्या वर्गाला द्या. शिक्का आला तर आला. शाळेच्या सभागृहात बसलेल्या आजोबांना कोपऱ्यातल्या शिक्क्याने काही फरक पडत नाही. इनशॉट किंवा यूकट यांसारख्या सोप्या ॲपमध्ये मुले पहिल्याच तासाला कापाकापी करू लागतात, हा माझा अनुभव आहे.

शिक्का काढण्याच्या मोहापायी होणाऱ्या एका गोष्टीबद्दल मात्र मुलांना आधीच निक्षून सांगा. प्रसिद्ध ॲपांच्या ‘मॉड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, सगळे काही फुकट खुले करून दिलेल्या नकला संकेतस्थळांवर आणि टेलिग्रामवर फिरत असतात. त्या प्ले स्टोअरच्या बाहेरून बसवाव्या लागतात आणि त्यांत कोणी काय भरले आहे हे कळायला मार्ग नसतो. ज्या फोनवर आईचे बँकेचे संदेश येतात, त्या फोनवर अशी गोष्ट मुळीच बसवू देऊ नये.

आता फाइलींची निगा. यावर मी जरा सविस्तर लिहितो, कारण आमचे सर्वांत मोठे नुकसान इथेच झाले. मोबाइलवरील बहुतेक संकलन ॲप मूळ क्लिपची प्रत स्वतःकडे ठेवत नाहीत; ती क्लिप गॅलरीत कुठे आहे एवढेच लक्षात ठेवतात. आमच्या एका विद्यार्थिनीने चार संध्याकाळी बसून आपल्या पणजीच्या मुलाखतीचे संकलन केले होते. फोन भरल्याची सूचना आली, म्हणून वडिलांनी रात्री गॅलरीतले मोठे व्हिडिओ पुसले. सकाळी ॲप उघडले तर टाइमलाइनवर सगळ्या चौकटी काळ्या होत्या. कापलेल्या जागा, खाली दिलेल्या ओळी, सगळे जागच्या जागी होते, फक्त पणजी नव्हत्या. फोनच्या कचरापेटीतून काही क्लिप परत मिळाल्या, दोन मिळाल्याच नाहीत. ती मुलगी काही बोलली नाही, नुसती फोनकडे बघत राहिली. त्या दिवसापासून माझा नियम ठरला आहे की चित्रीकरण झाले की त्याच दिवशी ओटीजी (थेट फोनला जोडता येणाऱ्या) पेन ड्राइव्हवर सगळ्या क्लिप उतरवायच्या, मी त्या शाळेच्या संगणकावर घेतल्याशिवाय संकलन सुरू करायचे नाही आणि काम संपेपर्यंत फोनमधले काहीही पुसायचे नाही.

जागेचा हिशोब आधीच करून घ्या. १०८०पी (फुल एचडी) चित्रीकरणाला साधारण १७ मेगाबिट प्रतिसेकंद धरले तर मिनिटाला सव्वाशे एमबीहून जास्त जागा लागते, म्हणजे चाळीस मिनिटांच्या मुलाखतीला पाच जीबी. जुन्या फोनांवर ७२०पी, म्हणजे त्याहून कमी बारकाव्याचे चित्र, ठेवलेत तर जागा निम्म्यावर येते आणि शाळेच्या प्रोजेक्टरवर पाहणाऱ्याला फरक सहसा जाणवत नाही. ४के कोणालाही लावू देऊ नका.

क्लिप एकमेकांना पाठवताना व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवली, तर ती दाबून लहान केली जाते आणि मग चित्र धुरकट होते. तीच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर २ जीबीपर्यंत जशीच्या तशी जाते. काइनमास्टरमध्ये अख्खा प्रकल्प एका फाइलमध्ये बांधून दुसऱ्या फोनवर नेता येतो. एखाद्या पालकांचा फोन ऐन वेळी मिळेनासा झाला तर ही सोय फार उपयोगी पडते, आणि त्या ॲपची निवड करायची झाली तर मी तरी याच कारणासाठी करीन.

संगणक कक्षात दोन तास मिळत असतील, तर शॉटकट हे मुक्त आणि मोफत सॉफ्टवेअर विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालते. फोन पुष्कळदा सेकंदाला कमी-जास्त चौकटी (फ्रेम) टिपतात, त्यामुळे संगणकावर आवाज आणि ओठ पुढे-मागे होतात. अशी क्लिप घेतली की शॉटकट स्वतःच ती संकलनायोग्य करून घेण्याविषयी विचारते. तिथे होकार द्यावा.

प्रतिसाद : पालक, वारजे

नमस्कार. माझी मुलगी आठवीत आहे आणि मी व्यवसायाने वकील आहे. तीनच गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट, ज्या ॲपला मुलाच्या नावाने खाते उघडावे लागते ते शाळेने सुचवू नये. उदाहरणार्थ, मेटाचे एडिट्स हे २०२५ मध्ये आलेले ॲप वापरायला इन्स्टाग्रामचे खाते लागते. इन्स्टाग्रामची वयाची अट १३ वर्षे आहे आणि आठवीच्या वर्गात त्या उंबरठ्यावरची मुलेही असतात. शिवाय २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे. बालकाची माहिती हाताळण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेणे आणि बालकांना लक्ष्य करणाऱ्या जाहिराती न देणे, ही तत्त्वे त्यात आहेत. शाळेने खात्याविना चालणारे ॲप निवडले तर हा प्रश्न बराचसा उद्भवतच नाही.

दुसरी गोष्ट फोनमधल्या परवानग्यांची. ॲप बसवताच ते सगळे फोटो पाहण्याची परवानगी मागते. अँड्रॉइड १४ पासून ‘फक्त निवडलेले फोटो आणि व्हिडिओ’ असा पर्याय मिळतो, तो निवडावा. फोन आईचा किंवा वडिलांचा आहे आणि त्यात घरातली कागदपत्रे, आधार कार्डाचे फोटो असे बरेच काही असते. संपर्क आणि ठावठिकाणा यांची परवानगी संकलनाला लागत नाही. ती मागितली तर नाकारावी.

तिसरी गोष्ट, ज्यांची मुलाखत घ्याल त्या आजी-आजोबांची लेखी संमती मराठीत, मोठ्या अक्षरांत घ्या आणि माहितीपट फक्त शाळेत दाखवणार की इंटरनेटवरही ठेवणार, हे त्यात स्पष्ट लिहा. पुरात माणसे गमावलेली कुटुंबे आहेत. बोलताना एखादी गोष्ट सांगून गेल्यावर ‘हे नको दाखवू’ असे कोणी म्हणाले, तर तो तुकडा काढलाच पाहिजे, आणि हे मुलांनाही आधीच कळलेले असावे. जुने फोटो शक्यतो त्या-त्या कुटुंबाच्या अल्बममधले, विचारून घेतलेले असावेत. पार्श्वसंगीत हवेच असेल तर यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत मोफत वापरता येणारे मिळते, पण त्यातही कुठे श्रेय द्यावे लागते ते वाचून घ्यावे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

तिघांचेही मनापासून आभार. गेल्या शनिवारी मी दोन्ही जुने फोन आणि एक नवा फोन मागवून घेतला, चार मुलांना सोबत बसवले आणि चार ॲपमध्ये तेच काम करून पाहिले: तीन क्लिप कापायच्या, त्यांवर एक फोटो ठेवायचा, संकलक सरांचे वाक्य खाली द्यायचे आणि व्हिडिओ तयार करून गॅलरीत पाहायचा.

त्या वाक्याने मोठे काम केले. एका ॲपमध्ये ‘दुसऱ्या’ नीट आले आणि ‘पायऱ्यांवर’ फुटले. एका मुलीने ते माझ्याआधी पाहिले आणि ‘बाई, पायरी मोडली’ असे म्हणाली. नंतर वर्गात मी ‘सूर्य’ आणि ‘दुसऱ्या’ हे दोन शब्द फळ्यावर लिहून दोन्ही र का वेगळे, हा तास घेतला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मुलांनी तो विषय स्वतःहून विचारलेला होता.

३ जीबीच्या फोनांपैकी एकावर मुलाखतीवर फोटोचा थर ठेवताच चित्र थांबून-थांबून चालू लागले. भोसरीच्या सरांनी सांगितल्याप्रमाणे सगळी क्लिप ७२०पीवर घेतली, तेव्हा तोच फोन व्यवस्थित चालला. शेवटी आम्ही व्हीएन निवडले. वाक्य त्यात बरोबर उमटले, मुक्ता फॉन्ट आत घेता आला आणि खाते न उघडता आमचे काम झाले. जाहिरातींचा धोका टाळण्यासाठी फोन विमान मोडवर ठेवूनच संकलन करायचे, असा नियम मी केला आहे. त्याने मधे येणारे फोनही बंद होतात.

आता एक नवीन अडचण आहे. आमच्या वर्गात आणि दोन घरांत ट्यूबलाइटखाली केलेल्या चित्रीकरणात आडवे, काळसर पट्टे वर-खाली सरकताना दिसतात. डोळ्यांना खोलीत तसे काही दिसत नाही. दुसरे म्हणजे पंख्याचा आवाज इतका येतो की आजोबांचे बोलणे दबून जाते. हे ॲपमध्ये दुरुस्त होईल का?

प्रतिसाद : व्हिडिओ संकलक, एरंडवणे

बाई, मुलीचे ‘पायरी मोडली’ वाचून फार आनंद झाला.

पट्टे ॲपमध्ये धडपणे जात नाहीत. ते चित्रीकरणाच्या वेळीच टाळावे लागतात. आपल्याकडे विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा असतो आणि ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण कॅमेरा चित्राची एकेक ओळ क्रमाने टिपत खाली येतो, त्यामुळे काही ओळी उजेडात आणि काही मंद प्रकाशात टिपल्या जातात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘अँटी-फ्लिकर’ असा पर्याय असेल तर तो ५० हर्ट्झवर ठेवा. प्रो मोडमध्ये व्हिडिओ घेता येत असेल तर शटर, म्हणजे एकेक चित्र टिपायचा वेळ, एक पन्नासांश किंवा एक शतांश सेकंद ठेवा. दोन्हींत उजेडाची पूर्ण स्पंदने मावतात आणि पट्टे जातात. जुन्या फोनांत यातले काहीच नसेल, तर ट्यूब बंद करून आजोबांना खिडकीशी, खिडकी एका बाजूला येईल असे बसवा. सकाळी नऊ-दहाच्या उजेडात चेहऱ्यावरच्या सुरकुत्यासुद्धा सुंदर दिसतात, आणि अशा मुलाखतीत त्या दिसायलाच हव्यात.

आवाजाचे म्हणाल तर पंखा बंद करा, हे पहिले. आजोबांना उकडत असेल तर दर दहा मिनिटांनी थांबून पंखा लावा, पाणी द्या आणि पुन्हा सुरू करा. एवढा धीर मुलांनी दाखवला तर माणसे अधिक मोकळेपणाने बोलतात. दुसरे म्हणजे आवाजासाठी वेगळा फोन वापरा. एक फोन चित्र घेईल. दुसरा फोन रेकॉर्डर चालू करून, विमान मोडवर, आजोबांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवा, त्याचा माइक वरच्या बाजूला येईल असा. तोंडापासून माइकचे अंतर निम्मे झाले की त्यांचा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो आणि खोलीतला आवाज होता तेवढाच राहतो. दोन हातांवरच्या फोनपेक्षा खिशातला फोन कितीतरी स्पष्ट ऐकतो. दोन्ही फोन चालू झाल्यावर एका मुलाने कॅमेऱ्यासमोर एकदा टाळी वाजवावी. संकलनात टाळीचे चित्र आणि टाळीच्या आवाजाचा उंचवटा एकमेकांखाली आणला की बोलणे ओठांशी जुळते. चार मिनिटांच्या कामात थोडासा फरक पडला तर मुले तो कानाने ऐकून सरकवून घेतील.

आणि संकलनाला बसण्याआधी प्रत्येक गटाकडून मुलाखत कागदावर उतरवून घ्या. वेळ डाव्या बाजूला, वाक्य उजव्या बाजूला. कोणती वाक्ये ठेवायची यावर सहा जणांनी कागदावरच भांडावे; फोन एकाच्याच हातात असतो, पण कागद सगळ्यांच्या मध्ये ठेवता येतो. खाली द्यायच्या ओळीही तिथेच शुद्ध होतात. पडद्यावर एका वेळी दोनच ओळी ठेवा, मागे गडद पट्टी द्या आणि आजोबांनी जसे म्हटले तसेच लिहा. ते ‘पानी’ म्हणाले असतील तर ‘पानी’च राहू द्या.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर, खिशातल्या फोनचे काल करून पाहिले. शनिवार पेठेत वाढलेले एक आजोबा नदीचा आवाज कसा येत होता ते सांगताना मधेच थांबले, आणि त्या शांततेत त्यांचा श्वास रेकॉर्ड झाला आहे. गटातली मुले तो तुकडा कापायचा की ठेवायचा यावर अर्धा तास बोलत होती. त्यांनी तो ठेवला आहे, आणि त्यावर एकही ओळ दिलेली नाही.